जी-११: पुंगळी काढून टाकलेल्या रायफलीचं नेमकं काय झालं

प्रश्न असा आहे: हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीची, बिनपुंगळीच्या काडतुसाची जी-११ रायफल काळाच्या फार पुढे होती असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग जर्मन लष्कराने ती घेतली का नाही? काडतुसं तापून आपोआप उडायची म्हणून, की एकीकरणानंतर पैसे उरले नाहीत म्हणून?

यातलं पहिलं कारण १९७० च्या दशकापुरतं खरं आहे. १९९० पर्यंत तो प्रश्न सुटला होता. दुसरं कारण खरं आहे, पण ते अखेरचं. मुळाशी गोष्ट वेगळी आहे. काडतुसाची पितळी पुंगळी चार कामं करत असते, आणि ती काढून टाकली की चारही कामं रायफलीच्या अंगावर पडतात. ओबर्नडॉर्फच्या, म्हणजे हेकलर अँड कॉखच्या अभियंत्यांनी वीस वर्षं खपून त्यातली बहुतेक निभावून नेली. तोवर नाटोच्या देशांनी दुसऱ्याच काडतुसावर शिक्का मारला होता. रायफल बदलणं एक वेळ जमतं. काडतूस बदलायचं म्हणजे कारखाने, कोठारं, मशिनगनी आणि मित्रदेशांशी केलेले करार हे सगळंच बदलावं लागतं. जी-११ तिथे अडकली.

आधी पुंगळीचं पाहू. नाटोच्या ५.५६ × ४५ मिमी मापाचं एसएस-१०९ काडतूस हातात घेतलं तर वजन १२ ग्रॅमच्या थोडं वर भरतं. त्यात गोळी ४ ग्रॅमची, दारू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, आणि जवळपास निम्मं वजन पुंगळीचं. पुंगळी म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. सैनिक हे पितळ अंगावर वागवतो आणि गोळी सुटली की ते जमिनीवर पडतं. हा तोटा कुणाच्याही डोळ्यांत भरेल असाच आहे. दुसऱ्या महायुद्धात पितळाची चणचण भासू लागली तेव्हा जर्मनीत बिनपुंगळीच्या काडतुसाचे प्रयोग झाले होते. त्यानंतरही ही कल्पना पुन्हा पुन्हा पुढे येत राहिली.

पण त्या पितळाचं पहिलं काम म्हणजे दारू, प्राइमर (ठोका बसताच दारू पेटवणारी छोटी टिकली) आणि गोळी यांना एकत्र धरून ओल, तेल आणि ठोक्यांपासून जपणं. दुसरं काम वायू अडवण्याचं. गोळी सुटताना चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, दाब ३,५०० बारच्या पुढे जातो. त्या दाबाने पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात, वायूला मागे यायला फट राहत नाही. दाब उतरला की पितळ आपल्या लवचिकपणामुळे किंचित आकसतं आणि पुंगळी सहज निघते. म्हणजे प्रत्येक फैरीला नवं कोरं सील मिळतं आणि वापरून झालं की फेकलं जातं. इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं सील बंदुकीच्या इतिहासात दुसरं नाही.

तिसरं काम उष्णतेचं. जळत्या दारूची काही उष्णता पुंगळी शोषून घेते आणि बाहेर पडताना सोबत नेते. शिवाय पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसतं तेव्हा तापलेलं पोलाद आणि दारू यांच्यामध्ये पितळाचा आडोसा असतो. चौथं काम वरवर क्षुल्लक वाटतं, पण मैदानावर त्याला फार किंमत आहे: न उडालेलं काडतूस बाहेर काढायला पुंगळीच्या बुडाची कड मिळते. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिलाच धरतो. ही चार कामं लक्षात ठेवली की जी-११ चा प्रत्येक विचित्र भाग कशासाठी आहे ते उलगडतं.

पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ७.६२ मिमीच्या जी-३ च्या जागी नव्या रायफलीचा विचार सुरू केला. मागणीचा गाभा एकच होता: घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या सैनिकाची गोळी लागण्याची शक्यता वाढवायची. या विचाराला पार्श्वभूमी अमेरिकेतली होती. नॉर्मन हिचमन यांनी १९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी केलेल्या अभ्यासात पायदळाच्या रायफलीचा परिणामकारक वापर बहुतेक करून ३०० यार्डांच्या आत होतो, आणि तिथेही नेमाची चूक रायफलीच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते, असं दाखवलं होतं. त्यावर सुचलेला उपाय म्हणजे चाप एकदा ओढला की दोन-तीन गोळ्या थोड्याशा पसरून जाव्यात. नेम हातभर चुकला तरी त्यातली एखादी लागेल.

इथे वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण जी-११ चं सगळं यंत्र त्याभोवती बांधलेलं आहे. नेहमीची रायफल मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे दोन गोळ्यांत १०० मिलिसेकंदांचं अंतर. तिसरी गोळी पहिलीनंतर २०० मिलिसेकंदांनी सुटते. तोवर पहिल्या दोन गोळ्यांचा धक्का खांद्याला बसून नळीचं तोंड वर गेलेलं असतं आणि तिसरी गोळी शत्रूच्या डोक्यावरून जाते. वेग मिनिटाला २,००० पर्यंत नेला तर अंतर ३० मिलिसेकंदांवर येतं आणि तिसरी गोळी ६० मिलिसेकंदांत सुटते. माणसाच्या शरीराला काय झालं हे कळायच्या आत तिन्ही गोळ्या गेलेल्या असतात.

पण पितळी काडतुसाने हा वेग साधणं अवघड. जुनी पुंगळी पकडा, मागे ओढा, बाहेर फेका, पुढचं काडतूस उचला, आत ढकला, कुलूप लावा, असं सगळं ३० मिलिसेकंदांत करायचं. पुंगळीच नसेल तर पहिल्या तीन क्रिया संपूर्ण गळतात. म्हणून बिनपुंगळीचं काडतूस आणि तीन गोळ्यांचा झपाटा या दोन गोष्टी जी-११ मध्ये एकमेकींना बांधलेल्या आहेत. वजनाची बचत ही सोबत आलेली मोठी कमाई. नुसतं वजन वाचवायला काढलेली रायफल असं तिच्याबद्दल लिहिलं जातं, ते अपुरं आहे.

काडतूस ट्रॉइसडॉर्फच्या डायनामिट नोबेल कंपनीने बनवलं. अंतिम रूपात त्याचं नाव डीएम-११, माप ४.७३ × ३३ मिमी. दिसायला ते काडतूस वाटतच नाही: साधारण ८ मिमी बाजूचा, ३३ मिमी लांबीचा चौकोनी ठोकळा. हा ठोकळाच दारू. गोळी पूर्णपणे त्याच्या पोटात दडलेली, पुढच्या टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी, मागे जळून जाणारा प्राइमर. सगळं मिळून वजन ५.२ ग्रॅम, त्यात गोळी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ९३० मीटरच्या घरात. आकार चौकोनी असल्यामुळे मॅगझिनमध्ये दोन ठोकळ्यांत रिकामी जागा वाया जात नाही. गोल काडतुसं शेजारी शेजारी रचली तर जी फट राहते, ती इथे नाही.

सुरुवातीच्या नमुन्यांत गोळीचं टोक ठोकळ्याबाहेर डोकावायचं. नंतर ती पूर्ण आत घेतली, म्हणजे काडतूस आखूड झालं आणि गोळीला संरक्षणही मिळालं. पण त्यातून एक नवी अडचण निघाली. आत दडलेली गोळी नळीत शिरेपर्यंत तिला थोडं अंतर काटावं लागतं. त्याआधीच सगळी दारू पेटली तर वायू गोळीच्या बाजूने पुढे निसटतो, दाब दरवेळी वेगळा येतो आणि गोळीचा वेग बिघडतो. म्हणून क्रम दोन टप्प्यांत ठेवला: प्राइमर आधी एका लहानशा पूरक दारूला पेटवतो, ती गोळीला पुढे ढकलून नळीच्या तोंडाशी बसवते, आणि नळी अशी बंद झाल्यावर मुख्य ठोकळा फुटून जळतो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास. मुख्य ठोकळ्याचं फुटणं आणि पेटणं प्रत्येक वेळी एकसारखं झालं पाहिजे, आणि ते वाळवंटातल्या उन्हातही आणि गोठवणाऱ्या थंडीतही. माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत अवघड कारागिरी इथे आहे. लोकांचं लक्ष मात्र यंत्राकडेच जातं.

यंत्र अर्थात पाहण्यासारखंच आहे. मॅगझिन नळीच्या वर, तिला समांतर आडवं बसतं. ते पुढून मागे सरकवून लावायचं. आत ठोकळे उभे, गोळ्यांची तोंडं खाली. चेंबर नळीचा भाग नसून एका फिरत्या सिलिंडरमध्ये कोरलेलं असतं. चेंबर उभं असताना वरून ठोकळा त्यात खाली ढकलला जातो, मग सिलिंडर ९० अंशांत फिरून चेंबर नळीच्या रेषेत येतं आणि गोळी सुटते. नळाच्या तोटीत फिरणारा गट्टू पाण्याची वाट उघडतो आणि बंद करतो, तसाच हा प्रकार. चेंबर मागून बंद करणारा, मागेपुढे धावणारा लांब बोल्ट नाही, त्यामुळे रायफल आखूड होते: नळी ५४० मिमीची असूनही एकूण लांबी ७५० मिमी. हे सगळं फिरवायला लागणारी शक्ती नळीतून घेतलेल्या वायूची.

नळी, सिलिंडर आणि मॅगझिन हा सगळा संच बाहेरच्या कवचाच्या आत मागेपुढे सरकू शकतो. तीन गोळ्यांच्या झपाट्यात पहिली गोळी सुटताच संच मागे जाऊ लागतो, आणि तो मागे जात असतानाच दुसरी आणि तिसरी भरून सुटते. संच मागच्या टोकाला पोचून धक्का कवचाला, म्हणजे खांद्याला देतो तोवर तिसरी गोळी नळीबाहेर असते. एकेक गोळी झाडताना किंवा सलग झाडताना मात्र प्रत्येक गोळीनंतर संच पूर्ण मागे जाऊन पुढे परततो. म्हणून सलग माऱ्याचा वेग मिनिटाला ४६० च्या आसपास, आणि झपाट्याचा वेग २,००० च्या वर. एकाच रायफलीला दोन वेग कसे, हा प्रश्न नेहमी पडतो. त्याचं उत्तर एवढंच.

तिन्ही गोळ्या एकाच भोकातून गेल्या तर झपाट्याचा उपयोग शून्य. नेम चुकला की तिन्ही चुकतील. त्यामुळे त्या किती पसराव्यात हे आखावं लागतं. फार पसरल्या तर माणूस मधल्या फटीत वाचतो, कमी पसरल्या तर एका गोळीपेक्षा फायदा होत नाही. ‘जी-११ इतकी अचूक की तिन्ही गोळ्या एकाच ठिकाणी’ असं कौतुक कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याला तिचा हेतू कळलेला नाही असं समजा.

आता कुक-ऑफ, म्हणजे चाप न ओढता निव्वळ उष्णतेने काडतूस उडणं. बरेच जण समजतात की हे गोळीबार चालू असताना होतं. तसं नसतं. सलग गोळीबारात काडतूस चेंबरमध्ये क्षणभरच असतं, तापायला त्याला वेळ मिळत नाही. धोका थांबल्यावर असतो. शंभर-दीडशे गोळ्या झाडून सैनिक थांबला, पुढचं काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये बसून राहिलं, की उष्णता हळूहळू दारूत झिरपते. मशिनगनला यावर जुना उपाय आहे: चाप सोडला की बोल्ट मागे अडकतो, चेंबर रिकामं राहतं. रायफलीत तो चालत नाही, कारण चाप ओढल्यावर जड भाग पुढे धावू लागला की नेम हलतो.

पहिल्या ठोकळ्यांची दारू नायट्रोसेल्युलोजची होती. ती १७०-१८० अंश सेल्सियसच्या आसपास आपोआप पेट घेते. पितळाचा आडोसा नाही, उष्णता बाहेर नेणारी पुंगळी नाही, त्यामुळे चेंबर लवकर त्या तापमानाला पोचायचं. १९७७ मध्ये सुरू झालेल्या नाटोच्या लहान शस्त्रांच्या चाचण्यांत जी-११ उतरली आणि याच दोषापायी मागे घ्यावी लागली.

डायनामिट नोबेलने दारूच बदलली. नायट्रोसेल्युलोजच्या जागी एचएमएक्स, म्हणजेच ऑक्टोजेन हे स्फोटक पॉलिमरच्या बंधकात घट्ट बसवून वापरलं. स्वयंप्रज्वलनाचं तापमान शंभरेक अंशांनी वर गेलं. ऐकायला सोपं वाटतं, पण एचएमएक्स हे मुळात स्फोट होणारं द्रव्य आहे आणि बंदुकीत ते फक्त जळायला हवं. त्यासाठी कणांचा आकार, बंधक आणि ठोकळ्याची घडण यांवर बरीच वर्षं गेली. उष्णतेला दाद न देणारी दारू पेटवायलाही तितकीच हट्टी, म्हणून प्राइमर आणि पूरक दारू जास्त जोमदार हवी. आणि एचएमएक्स महाग. आपल्याकडे पुण्याला सुतारवाडीच्या एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत या द्रव्यावर दीर्घकाळ काम चालत आलं आहे. क्षेपणास्त्रांच्या स्फोटकांत आणि रॉकेटच्या इंधनात त्याला मोल आहे. पण लाखोंनी लागणाऱ्या रायफलीच्या काडतुसात तेच द्रव्य घालायचं म्हणजे खर्चाचं गणित वेगळं होतं. पितळ वाचलं, पण दारू महागली.

कुक-ऑफ सुटल्यावर उरलं काय, तर वायूचं सील. पुंगळी नसल्यामुळे सिलिंडर आणि नळी यांच्या जोडावर कायमचं सील हवं, आणि ते हजारो फैरी टिकायला हवं. जोडाला जरा फट पडली की तप्त वायू तिथूनच वाट काढतो, प्रत्येक फैरीला धातू कुरतडतो आणि फट वाढवतो. एकदा सुरू झालं की हे थांबत नाही. त्यामुळे भागांची मापं फार काटेकोर ठेवावी लागतात, आणि काटेकोर माप म्हणजे महाग उत्पादन. भर म्हणून ठोकळा जळून उरणारी काजळी रायफलीच्या आतच राहते. नेहमीच्या रायफलीत तिचा काही भाग पुंगळीसोबत बाहेर जातो.

मग ठोकळ्याचा नाजूकपणा. दारूच्या ठोकळ्याला तडा गेला तर तो जळतोच, पण जास्त वेगाने, कारण जळायला पृष्ठभाग वाढतो. त्याने दाब चढतो. पितळी काडतुसाला पोचा आला तर तो डोळ्यांना दिसतो. ठोकळ्यातला बारीक तडा दिसत नाही. म्हणून ही काडतुसं सुटी हाताळायचीच नाहीत असं ठरलं. कारखान्यातून ती १५-१५ च्या बंद प्लास्टिक पाकिटात येत आणि तिथून थेट मॅगझिनमध्ये सरकवली जात. तीन पाकिटं म्हणजे ४५ गोळ्यांचं मॅगझिन. आधीच्या नमुन्यांत मॅगझिन ५० गोळ्यांचं होतं, ते के-२ या नंतरच्या सुधारित नमुन्यात ४५ वर आलं.

न उडालेलं काडतूस काढणं ही चौथी गोष्ट. धरायला कड नाही, ओढायला आकडा नाही. डाव्या बाजूला एक गोल फिरणारी मूठ आहे. घड्याळाला चावी द्यावी तशी ती फिरवली की यंत्र फिरतं, चेंबर उभं होतं आणि ठोकळा खालच्या छोट्या छिद्रातून बाहेर पडतो. रायफलीच्या बाजूला पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी नाही, त्यामुळे धूळ-चिखल आत जायला वाट कमी. हा मोठा फायदा. पण त्याच कारणाने चेंबर रिकामं आहे का हे चटकन डोकावून पाहता येत नाही. शिबिरात शस्त्र रिकामं केल्याची खात्री करणाऱ्या हवालदाराला हे पसंत पडणं कठीण.

लीड्सच्या रॉयल आर्मरीज किंवा कोब्लेन्झच्या लष्करी तंत्रज्ञान संग्रहात ही रायफल पाहायची संधी मिळाली तर तीन जागा नीट पाहा: डावीकडची ती मूठ, नळीच्या वरची मॅगझिनची लांबलचक खाच, आणि मुख्य मॅगझिनच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन मॅगझिनं अडकवायची सोय. ही सोय दिसली तर ती नंतरची के-२. म्हणजे रायफलीवरच १३५ गोळ्या.

वजनाचा तक्ता कंपनीने सगळीकडे मिरवला आणि तो मिरवण्याजोगाच होता. शस्त्र आणि दारूगोळा मिळून ७.३५ किलो वजन ठरवलं, तर जी-३ सोबत सैनिकाला १०० गोळ्या नेता येतात, अमेरिकेच्या ५.५६ मिमीच्या एम-१६ सोबत २४०, आणि जी-११ सोबत ५१०. फक्त हा तक्ता वाचताना एक ध्यानात घ्यावं: जर्मन पायदळाची खरी तुलना जी-३ शी नव्हती. जी-३ जायचीच होती. तुलना ५.५६ मिमीच्या एखाद्या साध्या रायफलीशी होती, आणि तिथे फायदा पाचपटीवरून दुपटीवर येतो. दुप्पट हीसुद्धा मोठीच गोष्ट, पण त्यासाठी सगळी कोठारं बदलायची का, हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेने तोच प्रश्न आपल्या पद्धतीने विचारला. ॲडव्हान्स्ड कॉम्बॅट रायफल या कार्यक्रमात १९८९-९० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंगला चार रायफली उतरल्या. कोल्टने एका पुंगळीत एकामागे एक दोन गोळ्या घातल्या होत्या. एएआय आणि श्टायर या दोघांनी गोळीऐवजी बारीक पोलादी बाण आणले, त्यात श्टायरची पुंगळी प्लास्टिकची. चौथी जी-११. अट अशी की एम-१६ए२ च्या तुलनेत गोळी लागण्याचं प्रमाण दुप्पट व्हायला हवं. दडपणाखाली नेम धरणाऱ्या सैनिकांच्या हातात चौघींपैकी एकही रायफल ती अट पुरी करू शकली नाही, आणि कार्यक्रम गुंडाळला. याचा अर्थ जी-११ बिघडली असा लावू नका. चाचणीतून दिसलं ते हे की माणसाची नेमाची चूक इतकी मोठी असते की नळीतून एकाऐवजी तीन गोळ्या पाठवून ती दुपटीने भरून निघत नाही. याच सुमारास चांगल्या दुर्बिणी स्वस्त आणि मजबूत होत गेल्या, आणि तोच फायदा पायदळाला पुढे त्यांच्याकडून मिळाला. जी-११ च्या हँडलमध्येच दुर्बीण बसवलेली होती हे इथे नोंदवायला हवं. त्या बाबतीत तिने खरोखर पुढचं पाहिलं होतं.

जर्मनीत मात्र गाडी पुढे चालली होती. १९८८ पासून जर्मन सैनिकांच्या हातात नमुने आले, त्यांच्या सूचनांवरून के-२ घडली, १९८९ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या. तांत्रिकदृष्ट्या रायफल तयार होती. आता घटनांचा क्रम बघा. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. सप्टेंबर १९९० मध्ये चार विजेत्या राष्ट्रांशी करार होऊन एकत्रित जर्मनीचं सैन्य ३,७०,००० वर आणायचं ठरलं, आणि ३ ऑक्टोबरला एकीकरण झालं. समोरचा शत्रू विरला, सैन्य घटणार, पूर्व जर्मनीच्या उभारणीचा खर्च डोक्यावर. अशा वेळी नव्या रायफलीसाठी आणि त्याहून अधिक तिच्या काडतुसासाठी पैसे मागणारा कोणी टिकला नसता. प्रकल्प रद्द झाला. हेकलर अँड कॉखने या रायफलीत इतकं गुंतवलं होतं की कंपनी डबघाईला आली आणि १९९१ मध्ये ब्रिटिश एअरोस्पेसच्या रॉयल ऑर्डनन्सकडे गेली.

पण एकीकरण पाच वर्षं उशिरा झालं असतं तरी एक दगड वाटेत होताच. ऑक्टोबर १९८० मध्ये नाटोने ५.५६ × ४५ हे दुसरं प्रमाण काडतूस म्हणून ठरवलं होतं. जर्मन तुकडीचा दारूगोळा संपला तर शेजारच्या डच किंवा अमेरिकी तुकडीकडून घेता यावा, हाच त्या ठरावाचा हेतू. जी-११ चा ठोकळा दुसऱ्या कुणाच्याही शस्त्रात जात नव्हता, आणि तो बनवणारा कारखानाही एकच. एकाच ठोकळ्यावर चालणारी हलकी मशिनगन आणि त्याच्याच आखूड भावंडावर चालणारं छोटं शस्त्र असं पूर्ण घराणं आखलेलं होतं, पण रायफल सोडून बाकी काही पूर्णत्वाला गेलं नाही. घराणं उभं राहिलं नाही तोवर सैन्यात दोन काडतुसांचा कारभार चालवावा लागला असता. जर्मनीने १९९७ पासून जी-३६ घेतली; तीही हेकलर अँड कॉखचीच, ५.५६ मिमीची, साधी आणि स्वस्त.

काडतुसापायी रायफल गेल्याचं याहून ठळक उदाहरण ब्रिटनची ईएम-२. एनफिल्डला पोलिश अभियंते स्टेफान यानसन यांनी घडवलेली, ७ × ४३ मिमीच्या मध्यम काडतुसाची ही रायफल एप्रिल १९५१ मध्ये ‘रायफल क्रमांक ९’ म्हणून अधिकृतपणे स्वीकारलीही गेली होती. अमेरिकेला त्या काडतुसाची ताकद कमी वाटली. तिला आपलं ७.६२ × ५१ हवं होतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये चर्चिल सत्तेवर आले आणि नाटोच्या एकवाक्यतेसाठी स्वीकाराचा निर्णय मागे घेतला. ब्रिटनने बेल्जियमच्या एफएनची रायफल ७.६२ मध्ये घेतली. तिचाच भारतीय अवतार म्हणजे इशापूरची १ए१, जिला आपल्याकडे दोन पिढ्या एसएलआर म्हणून ओळखतात. ईएम-२ मध्ये यांत्रिक दोष शोधत बसू नये. ती रायफल चालत होती.

पुण्यातलं उदाहरण जरा निराळं. पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने १९८० च्या दशकात इन्सास मालिका आखली ती रायफल, हलकी मशिनगन आणि कार्बाइन (आखूड नळीची रायफल) अशी तिहेरी. पहिली दोन शस्त्रं सैन्यात गेली, कार्बाइन गेली नाही. ५.५६ × ४५ ची दारू लांब नळीत जळण्यासाठी मोजलेली असते. नळी आखूड केली की उरलेली दारू तोंडाबाहेर जळते, ज्वाळा आणि आवाज वाढतो, गोळीचा वेग मात्र घटतो. पुढे एआरडीईने आखूड नळीसाठी ५.५६ × ३० मिमीचं वेगळं काडतूस घेऊन नवी कार्बाइन बांधली आणि ती मार्गी लागली. म्हणजे इथेही उत्तर काडतुसापाशीच सापडलं. एखादी न स्वीकारलेली रायफल अभ्यासायला घेताना म्हणूनच यंत्राच्या आधी काडतूस विचारावं: कोण बनवतं, आणखी कशात चालतं, आणि त्या साली त्या देशाने कुठल्या मापावर सही केली होती.

जी-११ चं ज्ञान मात्र वाया गेलं नाही. २००४ च्या सुमारास अमेरिकेने एलएसएटी या कार्यक्रमात दारूगोळ्याचं वजन घटवायचं ठरवलं, तेव्हा डायनामिट नोबेलच्या उष्णतारोधक दारूपासूनच सुरुवात केली. तिथे दोन वाटा शेजारी शेजारी चालवल्या: एक बिनपुंगळीची, दुसरी प्लास्टिकच्या पुंगळीची, गोळी आत दडवलेली. बिनपुंगळीची हलकी, पण तिच्या अडचणी त्याच जुन्या. सील, उष्णता, नाजूक ठोकळा. प्लास्टिकची वाट लवकर पक्व झाली आणि पैसा तिकडे वळला. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने नवी रायफल निवडली तेव्हा प्लास्टिक पुंगळीचा टेक्स्ट्रॉनचा उमेदवारही मागे पडला होता. निवड झाली ती सिग सॉअरच्या ६.८ × ५१ ची. त्या काडतुसाचं बूड पोलादाचं आहे, आणि वरची भिंत अजूनही पितळाचीच.